18 टक्के, पण कशाचे?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात स्वसंरक्षणाच्या पेपर स्प्रेमध्ये मिरचीचा अर्क किती असावा, याची कायदेशीर मर्यादा एके काळी 2 टक्के होती. पुढे ती 10 झाली, आता 18 आहे. म्हणजे स्प्रे नऊपट जहाल झाला? तसं मुळीच नाही.

मिरची झोंबते ती कॅप्सेसिन आणि त्याच्या भाईबंद रसायनांमुळे, म्हणजे कॅप्सेसिनॉइड्समुळे. तिखटपणा मोजायची रीत 1912 साली विल्बर स्कोव्हिल यांनी काढली, तेव्हा ते मिशिगनमधल्याच डेट्रॉइटला एका औषध कंपनीत होते. अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. या मापावर शुद्ध कॅप्सेसिनचा आकडा आहे सुमारे 1 कोटी 60 लाख. एका ग्रॅमचा तिखटपणा मिटवायला 16,000 लिटर पाणी! दहा हजार लिटरचा टँकर रिता करूनही भागणार नाही, दुसरा मागवावा लागेल. थेंबभर, म्हणजे 50 मिलिग्रॅम, घेतलं तरी 800 लिटर. मोठी चार पिंपं.

आता टक्क्यांकडे वळू. मिशिगनचा कायदा अर्क मोजतो, त्यातलं कॅप्सेसिन नाही. लालभडक ब्याडगी चार चमचे घाला नाहीतर लवंगी एक चमचा. चमचे मोजून कालवण किती तिखट झालं ते कळत नाही. अर्काचंही तसंच. एखाद्यात कॅप्सेसिनॉइड्स 1 टक्का असतात, एखाद्यात 10. पहिला अर्क 18 टक्के भरला, तर स्प्रेत ती उतरतात फक्त 0.18 टक्के. दुसरा जुन्या मर्यादेइतका, 2 टक्केच भरला, तरी 0.2 टक्के. 2 टक्क्यांचा डबा 18 टक्क्यांच्या डब्याहून जहाल! आणि दुसराच अर्क 18 टक्के भरला तर 1.8. लेबलवर आकडा एकच, मारा दहापट. रात्रपाळीहून एकटी परतणारी बाई त्या आकड्यावर जिवाचा भरवसा ठेवते, हे मला फार अस्वस्थ करतं.

न्यूयॉर्कचा कायदा थेट कॅप्सेसिनॉइड्स मोजतो: कमाल 0.7 टक्के, आणि डब्यात द्रव जेमतेम 21 ग्रॅम. मिशिगनच्या 18 पुढे हा आकडा केविलवाणा वाटेल. पण हिशेब करा: 0.15 ग्रॅम कॅप्सेसिनॉइड्स, म्हणजे स्कोव्हिलच्या मापाने 2,400 लिटर पाणी तिखट करण्याइतका ऐवज, मुठीत मावणाऱ्या डब्यात.