सावकाश खेळणारा गडी

बुद्धिबळाच्या पटावर समोरचा गडी विचार करीत असला, की आपणही स्वस्थ बसत नाही. त्याची नजर कोणत्या मोहऱ्यावर खिळली आहे, तो उंट हलवील की घोडा, हे आपण न्याहाळीत असतो. पण समोरचा गडी माणूस नसून यंत्र असेल, आणि त्या यंत्राला विचार करण्यासाठी डोळे मिटून घ्यावे लागत असतील तर? १९८० नंतरच्या दशकात ज्या मुलांच्या घरी पहिलेवहिले संगणक आले, त्यांना असा गडी खरोखरच लाभला होता.

डोळे मिटणे ही येथे केवळ अलंकारिक भाषा नव्हे. १९८१ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ‘झेडएक्स ८१’ नावाचा एक लहानसा काळा संगणक विक्रीस आणला. तयार यंत्र सत्तर पौंडांच्या आत मिळत असल्यामुळे सामान्य कुटुंबांनाही ते घेता आले. या संगणकाला स्वतःचा पडदा नव्हता. घरातल्या दूरचित्रवाणी संचाला तो जोडावा लागे. त्याच्या आत गणित करणारा भाग एकच होता, आणि पडद्यावर चित्र उमटविण्याचे कामही त्याच्याच गळ्यात पडले होते. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश वेळ चित्र रेखाटण्यातच जाई. उरलेल्या पाव वेळात तो विचार करणार! म्हणून त्याला ‘फास्ट’ अशी एक आज्ञा देण्याची सोय ठेविली होती. ती आज्ञा मिळताच यंत्र चित्राचे काम सोडून देई, पडदा कोरा होई आणि हिशेब जवळजवळ चौपट वेगाने चाले. उत्तर सापडले, की चित्र पुन्हा प्रकट होई.

एवढा कसला विचार यंत्राला करावा लागे, असे कोणी विचारील. बुद्धिबळात पहिली खेळी करताना पांढऱ्या बाजूस २० पर्याय असतात आणि काळ्या बाजूसही तितकेच. म्हणजे दोघांची एकेक खेळी होते न होते तोच पटाची ४०० निरनिराळी रूपे संभवतात. डाव रंगात आल्यावर तर प्रत्येक वेळी साधारणपणे ३० खेळी शक्य असतात. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खेळी पुढे पाहावयाच्या, तर ३० ला ३० ने तीनदा गुणावे लागेल. हा आकडा ८ लाख १० हजार होतो. समजा, एखादे यंत्र सेकंदास ५०० स्थिती तपासू शकते. मग त्याला या कामी २७ मिनिटे लागतील. आणि आणखी एकच खेळी पुढे पाहावयाची म्हटली, की हा काळ तीसपट होऊन साडेतेरा तासांवर जाईल.

यातून वाट काढण्यासाठी आज्ञावली रचणाऱ्यांनी यंत्राला माणसाचाच एक शहाणपणा शिकविला. एखादी खेळी केली असता आपला वजीर फुकट जातो, असे प्रतिपक्षाच्या एका उत्तरावरून कळले, म्हणजे त्या खेळीची बाकीची उत्तरे तपासण्याचे कारण उरत नाही. झाडाची ती फांदी तेथेच छाटावयाची. अशी छाटणी करूनही वेळ लागे तो लागेच. पुष्कळ आज्ञावल्यांत खेळाच्या पातळ्या असत. खालच्या पातळीवर यंत्र चटकन पण भोळसटपणे खेळे. वरच्या पातळीवर ते एकेका खेळीला तासन् तास घेई. काही हौशी मुले रात्री यंत्र तसेच चालू ठेवून झोपी जात. सकाळी उठून पाहावे, तर त्याने रात्रभर विचार करून एक प्यादे एक घर पुढे सरकविलेले असे!

वेगाइतकीच टंचाई स्मरणाची होती. झेडएक्स ८१ मध्ये मुळात १,०२४ बाइट एवढीच जागा असे. एका बाइटात इंग्रजीचे एक अक्षर मावते, हे लक्षात घेतले म्हणजे ही जागा किती तोकडी होती ते ध्यानात येईल. तरीही १९८२ साली डेव्हिड हॉर्न यांनी अवघ्या ६७२ बाइटांत बुद्धिबळ खेळणारी आज्ञावली बसविली. त्यासाठी त्यांना काही नियमांचा त्याग करावा लागला. राजा व हत्ती यांनी एकाच खेळीत जागा बदलणे त्यात नव्हते, आणि शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याचा वजीरही होत नसे. पण यंत्र डाव मांडी, तुमच्या खेळीला उत्तर देई आणि नवख्याला कधी कधी हरवीही. पोस्टकार्डावर संपूर्ण पत्र लिहिणाऱ्या माणसाची काटकसर या कामी लागली असली पाहिजे.

काटकसरीचा याहूनही सुंदर नमुना १९८४ साली इंग्लंडमध्येच निघाला. माइक सिंगलटन नावाच्या इंग्रजीच्या शिक्षकाने ‘द लॉर्ड्स ऑफ मिडनाइट’ हा युद्धाचा खेळ ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ या संगणकासाठी रचला. या संगणकात ४८ के, म्हणजे ४९,१५२ बाइट जागा होती, आणि त्याच्या पडद्यावरील एक पूर्ण चित्र ६,९१२ बाइट व्यापी. भागाकार करून पाहा: सारे स्मरण चित्रांनीच भरले, तरी सात चित्रे झाली की जागा संपली. असे असून सिंगलटन यांच्या हिमाच्छादित प्रदेशात सुमारे ४,००० ठिकाणे होती, आणि प्रत्येक ठिकाणी उभे राहून आठ दिशांना पाहता येई. एकूण दृश्ये झाली ३२,०००! त्यांनी चित्रे साठविलीच नाहीत. डोंगर, अरण्य, किल्ला, मनोरा यांचे थोडेसे ठसे ठेविले, आणि कोठे काय आहे याचा नकाशा ठेविला. खेळणारा ज्या दिशेला वळे, त्या दिशेचे दृश्य यंत्र त्या क्षणी रचून दाखवी. जवळचा डोंगर मोठा, दूरचा लहान. दिवसा खेळणाऱ्याने आपले सरदार हलवावयाचे, मित्र जोडावयाचे, सैन्य गोळा करावयाचे. रात्र पडली, की डूमडार्क नावाच्या शत्रूच्या फौजा हलत. पहाटे काय दिसेल, याची धास्ती खेळणाऱ्याच्या मनात असे.

हे खेळ दुकानातून ध्वनिफितीवर येत. गाणी ऐकण्याच्या साध्या टेपरेकॉर्डरला संगणक जोडला, की फितीतून किंचाळल्यासारखा कर्कश आवाज निघे. त्या आवाजातच खेळाच्या आज्ञा साठविलेल्या असत. मोठा खेळ यंत्रात उतरावयास पाचेक मिनिटे लागत. आवाजाची पट्टी थोडी चुकली, तर चौथ्या मिनिटाला सारे फसे आणि फीत पुन्हा मागे फिरवावी लागे. भारतातही १९८६ साली डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन याच घराण्यातील संगणक ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने आणला. वीज गेली, की यंत्राचे सारे स्मरण पुसले जाई. म्हणून शहाणा खेळाडू थोड्या थोड्या वेळाने डाव फितीवर उतरवून ठेवी.

त्या काळी खेळलेली माणसे आता वयाने मोठी झाली आहेत. त्यांच्या आठवणींत पडद्यापेक्षा कागद अधिक असतो. ज्या घरी संच एकच, त्या घरी बातम्यांची वेळ झाली, की डाव थांबे. मग मुले चौकटीच्या वहीत नकाशे काढीत, कोणता सरदार कोठे आहे त्याच्या टाचण्या करीत. यंत्र एक खेळी शोधत असे, तोवर खेळणाऱ्याच्या मनात चार डाव खेळून होत. ‘मी येथे हत्ती आणला तर?’ हा प्रश्न दहा वेळा विचारावयास सवड मिळे, आणि अकराव्या वेळी त्यातला घोटाळा दिसे. पुढे यंत्रे वेगवान झाली तेव्हा ही सवड नाहीशी झाली. खेळी करून बोट उचलावे, तोच उत्तर हजर!

आज असा एखादा जुना खेळ नव्या संगणकावरही खेळता येतो. त्यासाठी जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली वापरतात. स्पेक्ट्रमचे हृदय सेकंदाला ३५ लाख ठोके देई. नवी यंत्रे त्याच्या कित्येक पट वेगाने चालतात. तेव्हा या नकलेला आपले थोडेसे काम उरकून, पुढच्या ठोक्याची वेळ होईपर्यंत मुद्दाम थांबून राहावे लागते. हे थांबणे काढून टाकण्याची सोयही तीत असते. तरी जुने खेळाडू ती क्वचितच वापरतात. काही जण तर फितीचा तो कर्कश आवाजही तसाच चालू ठेवतात आणि पाच मिनिटे वाट पाहत बसतात.