प्रोमोतोरांना पक्का पगार हवा

कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात मी परिचारिका आहे. इथे स्ट्रॉबेरी खुडणारे, लेट्यूस कापणारे बहुतेक मजूर मेक्सिकोतून आलेले. मधुमेहाच्या गोळ्या मी हातात ठेवते. पण पहाटे शेतावर निघताना त्या कशा घ्यायच्या, तोर्तिया किती खायच्या, हे त्यांच्या घरी बसून समजावते ती प्रोमोतोरा. त्याच वस्तीतली, पुष्कळदा स्वतः शेतात राबलेली आरोग्यसेविका. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून आलेल्या अनेकांना स्पॅनिशही नीट येत नाही. त्यांच्याशी त्यांची मिश्तेको भाषा बोलणारीच लागते. कागदपत्रं नसलेला माणूस दवाखान्याला बिचकतो, तिला मात्र दार उघडतो.

तिला फुकट राबवून हा विश्वास टिकणार नाही. टेक्सासने २००१च्या कायद्याने प्रोमोतोरांसाठी प्रमाणपत्राची सोय केली. त्यासाठी १६० तासांचं प्रशिक्षण असतं. कॅलिफोर्नियात जुलै २०२२पासून मेडी-कॅल ही सरकारी योजना या कामाचे पैसे देते. तरीही अनेकींची नोकरी अनुदानावर चालते. अनुदान संपलं की घरभेटी थांबतात, रुग्ण पुन्हा एकटा पडतो. त्यांना कायम नोकरी, मातृभाषेतून प्रशिक्षण आणि बढतीची वाट मिळायला हवी. आपल्याकडच्या आशाताईही हेच मागत आल्या आहेत: मानधन नको, पगार द्या. दोघींचंही मागणं रास्त आहे.