अब्बांच्या हाताच्या मापाची काठी

अब्बांना लकवा झाला त्याला आता दोन वर्षं होतील. अल्हम्दुलिल्लाह, जीव वाचला, बोलणंही बरंचसं परत आलं; पण उजवा हात मागे राहिला. चिकलठाण्याच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये उभी हयात पाने फिरवलेला तो हात. फिजिओथेरपिस्टने दाबायला रबरी चेंडू दिला. अब्बांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी नातवाकडे टोलवला. म्हणाले, "हे पोरांचं खेळणं आहे. मला काही काम द्या."

काम कुठलं देणार? तेव्हा मला त्यांचे जुने रविवार आठवले. फजरची नमाज झाली की पिशवीत गव्हाचं पीठ, गळ आणि तंगूस घेऊन ते पैठणच्या बसमध्ये बसायचे. गोदावरीच्या काठी दुपारपर्यंत बसायचे. कधी दोन रोहू आणायचे, कधी नुसतीच ओली पिशवी. मरहूम अम्मी विचारायची, "आज काय मिळालं?" अब्बा म्हणायचे, "सब्र मिळाला."

माळ्यावरून त्यांची बांबूची काठी काढली, तर ती भुंग्याने पोखरलेली. हात लावताच पिवळी भुकटी गळाली. मग दुकानातून फायबरची काठी आणली. तिची मूठ इतकी बारीक की अब्बांची बोटं तिच्याभोवती मिटेनात. चार दिवसांत माझ्या नववीतल्या मुलाने ती दारात चिमटवून मोडली. राहिला तो फक्त 3 फुटांचा लवचीक शेंडा. त्या शेंड्यावरूनच मुलगा म्हणाला, "अम्मी, आपणच बनवू या ना नानांच्या मापाची."

बांबू कसा निवडला

गळाची काठी म्हणजे नुसता दांडा नव्हे. तिला बुडाशी ताकद आणि शेंड्याला लवचिकपणा हवा. मासा झटका देतो तेव्हा तो झटका शेंड्याने गिळायचा असतो, नाहीतर तंगूस तुटतो किंवा माशाचं तोंड फाटून गळ सुटतो. या दोन्ही गोष्टी बांबूत जन्मजातच असतात, म्हणून जगभर गळाच्या काठ्या बांबूच्या झाल्या. 1873 साली हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास प्रांतातल्या इंग्रज अधिकाऱ्याने भारतातल्या गळाच्या मासेमारीवर 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. त्या काळात अमेरिका-इंग्लंडातले कारागीर बांबूच्या पट्ट्या तासून, एकमेकींना चिकटवून महागड्या काठ्या बनवत. त्यासाठी आपल्याकडचा बांबू जात असे आणि तिकडे त्याला 'कलकत्ता' बांबू म्हणत. पुढे चीनच्या बांबूने त्याची जागा घेतली, दुसऱ्या महायुद्धानंतर फायबर ग्लास आलं आणि 1970 च्या दशकात कार्बन. आज दुकानात बांबूची काठी शोधावी लागते.

आम्ही एका बुरुडाकडे गेलो. त्यांनी भरीव जातीचा बांबू दाखवला, ज्याच्या लाठ्या करतात तो. हिरवा घेऊ नका, सुकल्यावर वाकेल, असं त्यांनी सांगितलं. थंडीत तोडलेल्या बांबूत पिठूळपणा कमी असतो, त्यामुळे भुंगाही कमी लागतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं. 7 फुटांचा, बुडाशी अंगठ्याएवढा आणि टोकाला करंगळीएवढा दांडा मिळाला. थोडा वाकडा होता. गॅसच्या मंद आचेवर एकेक पेर फिरवत गरम केलं आणि गुडघ्यावर दाबून सरळ केलं. घाई केली तर बांबू जळतो. एका पेरावर तो काळा डाग अजून आहे.

दांड्याला फायबरचा शेंडा जोडायला भंगारवाल्याकडून 3 इंचांची पितळी नळी आणली. नळी बसवायच्या आधी बांबूच्या टोकावर शिलाई मशीनचा पॉलिस्टर दोरा घट्ट गुंडाळला, कारण ताण आला की बांबू पहिल्यांदा तिथेच चिरतो. शेंडा नळीत सैल होता, त्यालाही दोऱ्याचे वेढे देऊन माप बसवलं. चिकटवायला दोन नळ्यांचा, सावकाश वाळणारा ॲराल्डाइट वापरला. फायबर घासताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. त्याची कुसळं अंगाला खाजवतात आणि श्वासातून आत जातात.

मूठ

सगळ्यात जास्त वेळ मुठीने घेतला. ज्याची पकड कमजोर, त्याला जाड आणि मऊ मूठ सोपी जाते. लकव्याच्या रुग्णांना चमच्याची दांडी जाड करून देतात, ती याचसाठी. आम्ही चप्पल बनवणाऱ्याकडून सोलच्या रबरी शीटचे तुकडे आणले, गोल चकत्या कापल्या, मधे भोक पाडून बांबूवर एकापुढे एक ओवल्या आणि चिकटवून पॉलिश पेपरने घासल्या. अब्बांना मूठ धरायला लावायची, कुठे टोचते ते विचारायचं, पुन्हा घासायचं. असं पाच वेळा झालं. शेवटी मूठ गोल राहिलीच नाही. त्यांच्या बोटांच्या जागी खाचा पडल्या. पैगंबर मुहम्मद (स.) आपली पादत्राणं स्वतः दुरुस्त करत, हे आपण मुलांना सांगतो. चपलेचं रबर घासताना माझ्या मुलाला ते न सांगताच आठवलं.

हिमरूची पट्टी

मुठीच्या वरचा 9 इंचांचा भाग उघडा होता. अम्मीच्या निकाहातली हिमरू शाल कसर लागून जागोजागी विरली होती, तरी कुणाला टाकवत नव्हती. अब्बाच म्हणाले, "हिचा एक तुकडा लाव."

सुती ताण्यावर रेशमी बाणा घेऊन विणलेली हिमरू ही आपल्या शहराची ओळख. तिच्याच जोडीने इथे मशरू विणलं जाई. मशरू म्हणजे शरीयतने परवानगी दिलेलं. अंगाकडच्या बाजूला सूत आणि वर रेशमाची चमक. आज हातमागावर हिमरू विणणारे बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, म्हणून कात्री चालवताना माझा हात थरथरला. चांगली शाल मी कधीच कापली नसती. जे भाग शाबूत होते ते बाजूला ठेवले आणि विरलेल्या कडेची पट्टी घेतली.

हिमरूच्या मागच्या बाजूला सुटे धागे असतात. कापड कापलं की ते निघतात आणि चिकटवल्यावर उंचवटे येतात. म्हणून आधी मागून पांढऱ्या डिंकाचं पातळ पाणी लावलं, वाळू दिलं आणि मगच कापलं. बांबूवर पांढरा रंग दिला, नाहीतर खालचा पिवळेपणा कापडातून दिसतो. पहिल्या तुकड्यावर मी थेट रेझिन ओतलं आणि सगळे रंग तेल सांडल्यासारखे काळपटले. तो तुकडा वाया गेला. दुसऱ्या वेळी वरूनही डिंकाचे दोन पातळ हात दिले, मग रेझिन. रंग टिकले.

रेझिन वाळेपर्यंत काठी सतत फिरत राहावी लागते, नाहीतर ते खाली ओघळून थेंब धरतं. त्यासाठी परदेशात खास यंत्रं मिळतात. थंडीमुळे आमचा कूलर रिकामाच होता. पाती डावी-उजवीकडे हलवणारी त्याची छोटी मोटर मिनिटाला मोजके फेरे घेते. अब्बांनी पलंगावर बसून सांगितलं, मुलाने ती मोटर काढली आणि काठीच्या बुडाला जोडली. दोन खोक्यांच्या खाचांत काठी ठेवली. खिडक्या उघड्या ठेवून ती रात्रभर फिरत राहिली. किती महिन्यांनी अब्बा कुणाला तरी हत्यारांची नावं घेऊन हुकूम देत होते!

चरखी निघाली

मला वाटलं, आता काठी पूर्ण झाली. चरखी बसवली, दोऱ्याने बांधून 4 कड्या लावल्या. दिसायला सुरेख! अब्बांनी डाव्या हातात काठी घेतली आणि उजव्याने चरखीची दांडी फिरवू लागले. दोन फेऱ्यांनंतर हात खाली पडला. बाजू बदलून पाहिली, तर उजव्या हाताला काठी पेलेना. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "बेटी, ही तू तुझ्यासाठी बनवलीस. माझ्या काठीला चरखी कधी होती?"

खरंच होतं. वर्गात मी कितीदा सांगते की मुलाला काय येतं ते आधी बघा, मग शिकवा. घरात मात्र आधी ठरवलं आणि मग बघितलं. चरखी काढली, कड्या ब्लेडने कापून काढल्या. तंगूस थेट काठीला बांधला, काठीच्याच लांबीचा. मासा लागला की काठी उचलायची, मासा आपोआप हाताशी येतो. गुंडाळायचं काही उरतच नाही. तंगूस फक्त शेंड्याला बांधू नको, शेंड्यावरून वेढे देत खाली जोडाच्या मागे बांध, असं अब्बांनी सांगितलं. शेंडा मोडला तरी तंगूस हातात राहतो.

चरखी निघाली तशी काठी पुढे जड झाली, कारण चरखीचं वजन तोल सांभाळत होतं. माळ्यावर जुन्या तराजूचं 100 ग्रॅमचं वजन होतं, ते बुडाशी बसवलं. जुन्या दप्तराचा पट्टा मुठीमागे लावला. आता काठीचं बूड अब्बांच्या डाव्या कोपराखाली टेकतं आणि मनगटावर ओझं येत नाही. उजवा हात वरच्या बाजूला नुसता आधाराला.

पाण्यावर

पैठणचा नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. मनात आलं म्हणून तिथे गळ टाकणं योग्य नाही. आम्ही ओळखीच्या गावातल्या पाझर तलावावर गेलो. अशा तलावातले मासे बहुधा मच्छीमार संस्थेच्या ठेक्यातले असतात, म्हणून आधी संस्थेच्या लोकांची परवानगी घेतली. वरून विजेच्या तारा जात नाहीत ना, हेही बघितलं. ओला बांबू आणि कार्बनची काठी, दोन्हींतून वीज वाहते.

मुलाने विचारलं, "मासा तर हलाल आहे, मग कितीही धरले तरी चालतात ना?" सूरह अल्-माइदाच्या 96 व्या आयतीत पाण्यातली शिकार हलाल ठरवली आहे. पण जिवंत प्राण्याला निशाणा बनवून खेळायला पैगंबरांनी (स.) मनाई केली आहे. अब्बांनी त्याला आपला नियम सांगितला: घरात शिजेल तेवढंच धरायचं, लहान मासा हात ओला करून सोडायचा, आणि तंगूसाचा एक तुकडाही काठावर टाकायचा नाही, त्यात पाखरांचे पाय अडकतात.

तासभर काहीच लागलं नाही. मग बूच बुडालं, शेंडा वाकला. अब्बांनी डाव्या हाताने काठी उचलली आणि तिच्यासोबत उजवा हातही वर आला. बोटं हिमरूच्या पट्टीवर घट्ट मिटली होती. गळाला लागली होती वीतभर चिलापी. फिजिओथेरपिस्टला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हात पूर्ण बरा होईल असा भरवसा नाही, पण हे चालू ठेवा.

आता दर रविवारी फजरनंतर अब्बा स्वतः पीठ मळायला मागतात. मळतात उजव्या हाताने. परवा परतताना मी दारातच विचारलं, "अब्बा, आज काय मिळालं?" त्यांनी काठी कोपऱ्यात उभी केली, हिमरूवरचं पाणी रुमालाने टिपलं आणि म्हणाले, "तेच, जे तुझ्या अम्मीला सांगायचो."