रायगडची सहल आणि काकूंची खुर्ची

रायगडाला ‘चला, जाऊ’ म्हणणारे चाळीस निघतात. वर्गणी मागितली की अठरा उरतात! आमच्या पोलादपूरच्या मंडळींचेही तेच झाले, आणि चिटणीसपद अर्थातच मराठीच्या मास्तराच्या गळ्यात पडले.

खरा पेच होता पंच्याहत्तरीच्या काकूंचा. गुडघे दुखरे, पण महाराजांच्या समाधीवर डोके टेकायचेच, हा हट्ट. “तुम्ही पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थांबा,” असे पुतण्यांचे मत. काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

हजाराहून अधिक पायऱ्या त्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. पण १९९६ पासून हिरकणीवाडीहून रज्जुमार्ग आहे. पाळणा पाचेक मिनिटांत वर नेतो. मात्र घोळका मोठा असेल, तर वाचकहो, आरक्षण आधी करा आणि ६ जून टाळा. १६७४ च्या राज्याभिषेकाचा तो दिवस. गडावर मुंगीला वाट मिळत नाही. आम्ही डिसेंबरातला आडवार निवडला. महाडहून पाचाड सुमारे पंचवीस किलोमीटर, म्हणून गाडी पोलादपूरहून सहालाच सोडली.

वर पोचल्यावरही समाधीपर्यंत चाल उरतेच. त्यासाठी वेताची खुर्ची घेतली होती. बाजारपेठेत काकू तीवर दोनदा टेकल्या. तिसऱ्यांदा ती पुतण्याच्या डोक्यावर देऊन चालू लागल्या. जगदीश्वराच्या दारी त्या पोचल्या, तेव्हा खुर्ची बरीच मागे होती.