बर्फावरील वळणाचे कसब

सिन्नरहून नाशिककडे जाताना मोहदरी घाटातील वळणावर मोटारसायकलस्वार आपसूकच आतल्या अंगाला झुकतो. देह झुकला नाही तर वाहन वळणाबाहेर फेकले जाईल, हे ज्ञान त्याच्या हाडांत मुरलेले असते. ज्या मुलखात बर्फ उतरते ते द्राक्षबागांवर गारा होऊन, तेथील वाचकाला हिमाच्छादित उतारावरील स्कीइंगचे मर्म सांगायचे, तर याच घाटातून वाट काढलेली बरी.

शर्यतीची स्की मध्यभागी निमुळती व दोन्ही टोकांना रुंद असते. तिला कडेवर कलंडवून भार टाकला की ती धनुष्यासारखी वाकते आणि तिची पोलादी कड बर्फात कमानदार रेघ कोरीत जाते. पुरुषांच्या जायंट स्लालमच्या, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांना वळसे घालीत उतरण्याच्या शर्यतीच्या, स्कीचा मूळ वक्र किमान ३० मीटर त्रिज्येचा असावा, असा आंतरराष्ट्रीय स्की संघटनेचा दंडक आहे. परंतु हीच स्की साठ अंशांनी कलंडविली की तिने कोरलेले वळण जवळजवळ १५ मीटर त्रिज्येचे होते. इतक्या झुकावात तोल राखायचा तर वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या वर हवा, आणि त्या क्षणी पायांवर येणारा भार शरीराच्या वजनाच्या सुमारे दुप्पट होतो. तो जवळजवळ सगळा बाहेरच्या पायाने पेलायचा असतो. म्हणून तो पाय ताठ, आतला गुडघा छातीशी दुमडलेला, कंबर बर्फापासून वीतभर अंतरावर, आणि धड मात्र कमरेपासून बाहेरच्या स्कीकडे वळलेले, असे चित्र दिसते. मोटारसायकलस्वाराहून स्कीपटूचे कसब निराळे आहे ते इथे.

या खेळातली आक्रमकता म्हणजे पायांची झटापट, हा समज मला चुकीचा वाटतो. नवशिका एक वळण संपवून उभा राहतो, तोल सावरतो, मग दुसऱ्याचा विचार करतो. कसलेला खेळाडू मात्र पाय पोटाशी ओढून घेऊन, धडाला स्कीवरून पलीकडे, खालच्या उताराच्या दिशेने, जाऊ देतो, आणि क्षणभर कशाचाही आधार नसताना, बर्फ आपल्याला झेलील या भरवशावर, पुढील वळणात देह झोकून देतो. नवी कड अशी लवकर रुतली की खांबापाशी पोचेपर्यंत वळणाचे बहुतेक काम उरकलेले असते. उशीर झाला तर स्की घसरते, बर्फाचा फवारा उडतो, आणि वेळेचे नुकसान होते.

२०२२ च्या फेब्रुवारीत बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव प्रतिनिधी म्हणून उतरलेल्या काश्मीरच्या आरिफ खानने, ऐन हिमवर्षावात, कित्येकांना जी शर्यत पुरी करता आली नाही ती जायंट स्लालमची शर्यत पुरी करून पंचेचाळिसावे स्थान मिळविले. ती शर्यत पुन्हा पाहण्याचा योग आला, तर वाचकांनी घड्याळाकडे न पाहता दोन वळणांमधल्या त्या निराधार क्षणाकडे आणि त्यानंतर भार घेणाऱ्या बाहेरच्या पायाकडे पाहावे.