सात इंचांचा गोल

शिरूर, न्हावरे, चौफुला, पाटस, दौंड. या पट्ट्यातल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊन सात इंची गोल हेडलाइट मागितला, तर तो फक्त एवढंच विचारतो, ‘कशाला लावायचाय? जीपला, बुलेटला की अॅम्बॅसडरला?’ माल कुठलाही काढला तरी तो बसतोच. ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या हेडलाइटची सगळी दुखणी या सोयीतूनच सुरू होतात. एमजीए, एमजीबी, ट्रायम्फ टीआर, ऑस्टिन-हीली या गाड्यांचे दिवेही सात इंचीच. त्यामुळे काच फुटली की दुसरी मिळायची, रिंग गंजली की दुसरी चढायची आणि गाडी त्याच रात्री रस्त्यावर यायची. मडगार्ड किंवा बॉनेट बदललं की कुणाच्याही नजरेत भरतं. दिव्याचं तसं नाही. गाडीचे डोळे बदललेत हे मालकाच्या दोन पिढ्यांना कळतही नाही.

या मापाचं मूळ अमेरिकेत आहे. 1940 च्या मॉडेलपासून तिथे सात इंची, बंद काचेचा ‘सील्ड बीम’ दिवा सगळ्या गाड्यांना सक्तीचा झाला. काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट यांचा मिळून एकच अखंड भोपळा. दिवा गेला की सगळाच फेकायचा. ब्रिटिशांनी माप उचललं, पण बराच काळ बल्ब वेगळा ठेवला. मागून काढता-घालता येणारा, पितळी टोपीचा बल्ब, पुढे घडीव नक्षीची काच, आणि या सगळ्यावर बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास कंपनीचं नाव. सायकलींच्या जमान्यात ‘किंग ऑफ द रोड’ नावाचे तेलाचे दिवे विकून मोठी झालेली ही कंपनी. पुढे तिच्या वायरिंगला कंटाळलेल्या मालकांनी तिला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणायला सुरुवात केली. माझ्या मते ही थट्टा निम्मी अन्यायाची आहे. पन्नास वर्षांत दहा हातांनी तोडून जोडलेली वायर पेटली, तर त्यात बर्मिंगहॅमचा दोष किती धरायचा?

आपल्याकडे या गाड्यांचे दिवे बदलले त्याला हौस कमी आणि टंचाई जास्त कारणीभूत होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, इंग्लंडहून सुटे भाग येणं दुरापास्त झालं, आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोरबाजारातून जे हाती लागेल ते लावणं हाच मार्ग उरला. त्यात काळा रंग. 1971 च्या युद्धातल्या ब्लॅकआउटमध्ये काचांचा वरचा अर्धा भाग काळा केला गेला. नंतर समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून काचेवर काळा ठिपका किंवा पट्टा मारून घेण्याच्या मोहिमाही झाल्या. आज गाडी सोडवायला घेणारा माणूस आधी हा रंग ब्लेडने खरवडतो आणि काचेवर कायमचे ओरखडे पाडतो. थिनरमध्ये बुडवलेला बोळा थोडा वेळ काचेवर ठेवला तर रंग आपोआप सुटतो. मला विचाराल तर एका जोडीवर तो ठिपका राहू द्यायलाही हरकत नाही. एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तो नव्हता हे खरं, पण गाडीचं निम्म्याहून जास्त आयुष्य इथल्या रस्त्यांवर गेलंय, हेही तितकंच खरं.

अस्सल दिवा ओळखायचा कसा? आधी काच पाहावी. तिच्यावर कंपनीचं नाव ओतलेलं असतं, आणि कुठल्या देशासाठी बनवली त्याच्या खुणाही असतात. जाणकारांना सगळ्यात हवीहवीशी वाटते ती ‘पी 700’ घराण्यातली काच. तिच्या आड बल्बसमोर तीन पायांची चकचकीत तिवई असते आणि मधोमध छोटं पदक. काही जॅग्वारांच्या पदकावर ‘जे’ हे अक्षर असायचं. काच फुटली की ही तिवई भंगारात जायची, कारण तिच्याशिवायही दिवा लागतो.

काच परदेशातून मागवणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एमजी टीडी 1950 ते 1953 या काळात 29,664 बनल्या आणि त्यातल्या बहुतांश अमेरिकेला गेल्या. साहजिकच जुने भाग सर्वांत जास्त तिथेच मिळतात. पण अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून तिथल्या दिव्याचा डिपर उजव्या कडेकडे झुकतो. तीच काच आपल्या रस्त्यावर लावली, तर प्रकाश नेमका समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. इंग्लंड आणि आपण दोघंही डावीकडून चालतो, म्हणून ब्रिटिश बाजारासाठी बनलेली काच इथे शोभून दिसते आणि वापरायलाही योग्य ठरते. अस्सलपणा आणि शहाणपण इतके एका बाजूला क्वचितच सापडतात.

रिफ्लेक्टरपाशी मात्र भलेभले फसतात. जुन्या दिव्यांत पितळेच्या कटोऱ्यावर चांदीचा मुलामा असायचा. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळी पडते. मग मालक रिफ्लेक्टर बंपरांबरोबरच क्रोम प्लेटिंगला देऊन टाकतो. परत आल्यावर तो आरशासारखा दिसतो, मालक खूश, आणि रात्री दिवा मिणमिणता. कारण साधं आहे. चांगली चांदी पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 95 टक्के परत फेकते, निर्वात पेटीत चढवलेलं अॅल्युमिनियम 90 च्या आसपास, आणि क्रोम जेमतेम 65. डोळ्याला हा फरक जाणवत नाही, कारण डोळ्याला नुसती चकाकी दिसते. तेव्हा रिफ्लेक्टर क्रोमवाल्याकडे न देता चांदीचा मुलामा करणाऱ्याकडे द्यावा. देवघरातली प्रभावळ आणि समया उजळून देणारे हात हे काम जाणतात. त्यांना एवढंच बजावायचं की वर लाखेचा थर देऊ नका, तो उष्णतेने पिवळा पडतो, आणि शेवटचा हात कापसाचाच फिरवा. रिंगेचं नेमकं उलटं. मूळ रिंग पितळेची, तिच्यावर निकेल आणि निकेलवर क्रोम. बाजारात मिळणारी नवी रिंग बहुधा लोखंडी पत्र्याची असते आणि दोन पावसाळ्यांत बुरशीसारखे ठिपके धरते. चुंबक लावून पाहिला की कळतं. पितळेला तो चिकटत नाही.

आता विजेकडे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असे, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. जीप आणि ट्रॅक्टरवर हात बसलेला इलेक्ट्रिशियन सवयीने ऋण बाजू बॉडीला लावतो. साधा बल्ब उलटसुलट कसाही पेटतो, म्हणून चूक लगेच कळत नाही. पण बाकीच्या यंत्रणेला ती भोवते, आणि हौसेने एलईडी लावला असेल तर तो पेटतच नाही. लुकासच्या वायरी रंगांनी बोलतात: निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे अपर, निळ्यावर लाल रेघ म्हणजे डिपर, काळी म्हणजे अर्थिंग. नवीन हार्नेस करताना हे रंग पाळले तर पुढच्या मिस्त्रीला गाडी वाचता येते.

बल्बचा मोहही आवरावा लागतो. मूळ बल्ब 42/36 वॉटचा. म्हणजे अपरला दोन्ही दिवे मिळून 84 वॉट, बारा व्होल्टवर सात अँपिअर. आपल्याकडे सर्रास विकला जाणारा 100/90 चा हॅलोजन लावला तर तोच आकडा सतरा अँपिअरच्या जवळ जातो. डायनामोची सगळी मिळकत वीस-बावीस अँपिअरची, तीही इंजिन जोरात फिरताना. शिवाय मूळ वायरिंगमध्ये रिले नाही, सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो. उसाच्या ट्रॉलीमागे रांगत असताना आधी स्विच तापतो, मग वास येतो.

युद्धापूर्वीच्या अनेक ब्रिटिश गाड्यांची डिपरची तऱ्हा तर आज ऐकूनच अंगावर काटा येतो. डिपर दाबला की उजवा दिवा चक्क विझायचा आणि डाव्या दिव्यातला रिफ्लेक्टर छोट्या विद्युतचुंबकाने खाली, डावीकडे कलायचा. खटका ऐकू यायचा. समोरच्याला त्रास नाही, कडेची माती दिसते, हिशेब चोख. पण आजच्या पुणे-सोलापूर रस्त्यावर एकडोळी गाडी म्हणजे समोरच्याच्या मनात मोटारसायकल. तो तेवढीच जागा सोडतो. त्यामुळे ही यंत्रणा दुरुस्त करून चालू स्थितीत ठेवावी, रॅलीत दाखवावी, आणि अंधार पडायच्या आत घरी यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याचाही कल साधारण असाच. जुलै 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत सुधारणा करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ हा वेगळा वर्ग केला. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. नियम हेडलाइटच्या काचेपर्यंत उतरत नाही. ती काळजी मालकाची.

जुनं ब्रिटिश काम जवळून पाहायचं असेल तर शिरूरहून नगर रस्त्याने पुढे जावं. शिरूर ही एके काळची इंग्रजांची छावणी. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कोरेगाव भीमाकडे निघालेली फौज इथूनच गेली. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉइसची चिलखती गाडी उभी आहे. स्पोर्ट्स गाडीशी तिचं नातं लांबचं, पण एका देशाने एका काळात पत्रा आणि पितळ कसं वापरलं ते तिथे दिसतं.

सगळं जोडून झालं की दिवा नुसता पेटवून भागत नाही, नेम लावावा लागतो. सपाट जमिनीवर, पंचवीस फुटांवर भिंत येईल अशी गाडी उभी करायची. टायरांत हवा नेमकी, चालकाच्या जागी माणूस बसलेला. भिंतीवर दिव्यांच्या मध्याच्या उंचीची आडवी रेघ आणि प्रत्येक दिव्यासमोर उभी रेघ खडूने ओढायची. एका दिव्यावर पोतं टाकून दुसरा लावायचा. वरचा स्क्रू प्रकाश वर-खाली करतो, बाजूचा डावी-उजवीकडे. डिपरचा झोत रेघेच्या खाली आणि किंचित डावीकडे बसला की पोतं दुसऱ्या दिव्यावर टाकायचं.