मिठागरातले पाणी आणि रेणूतला बंध

विषय रसायनशास्त्राचा आणि लिहिणारा कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा, हे पाहून पान उलटू नका. प्रश्न आपल्या भाईंदरच्या मिठागरांतलाच आहे. भरतीचे खारे पाणी बांधाआड घ्यायचे, उन्हात आटवायचे, आणि तळाशी उरलेले मीठ ओढून राशी लावायच्या. मग पाणी गेले कुठे? आमच्या घरची माणसे मिठागरावर राबलेली, आणि कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा उत्तर मीच द्यावे अशी अपेक्षा. ‘वाफ झाली’ एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही. उन्हाने पाणी मोडते की नुसते उडते, हे त्यांना हवे असते.

त्यासाठी पाण्याचे अणू एकमेकांना कसे धरून असतात हे पाहिले पाहिजे. मिठाचे सोपे आहे. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. एकावर धन भार येतो, दुसऱ्यावर ऋण, आणि दोघे एकमेकांकडे ओढले जातात. पाण्यात मात्र असे उघड देणेघेणे नाही, भागीदारी आहे. दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतात, असे लुईस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१६ साली मांडले. यालाच सहसंयुज बंध म्हणतात. पण जोडीच का, आणि सामाईक ठेवल्याने अणू धरून का राहतात, हे त्यातून कळत नव्हते.

ते १९२७ साली हाइटलर आणि लंडन यांनी दाखवले. त्यांनी सर्वांत साधा रेणू घेतला, हायड्रोजनचा. प्रत्येक अणूत एक केंद्रक आणि एक इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन हा ठिपका नसून केंद्रकाभोवती पसरलेला ढग समजावा. या ढगाच्या जागेला कक्षक म्हणतात. दोन अणू जवळ आले की दोन्ही कक्षक एकमेकांवर चढतात आणि मधल्या जागेत ढग दाट होतो. त्या दाट भागाकडे दोन्ही केंद्रके ओढली जातात. अट एवढीच की दोन्ही इलेक्ट्रॉनांचे परिवलन विरुद्ध हवे. सारखे असेल तर अणू एकमेकांना दूर सारतात. मला दोन शेतांमधली सामाईक विहीर आठवते. पण विहिरीत पाळ्या ठरलेल्या असतात, इथे कोणता इलेक्ट्रॉन मूळचा कोणाचा हे सांगताच येत नाही, आणि बंधाचे बळ बरेचसे त्यातच आहे! केंद्रकांत ७४ पिकोमीटर अंतर असताना ऊर्जा सर्वांत कमी असते. त्याहून जवळ रेटले तर केंद्रके एकमेकांना ढकलतात. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन आधीच जोडीत, म्हणून तो कोणाशी भागी करीत नाही.

आता पाणी. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षकांत दोन इलेक्ट्रॉन एकटे असतात. त्या प्रत्येकाच्या कक्षकावर एकेका हायड्रोजनचा कक्षक चढतो आणि दोन बंध होतात. ऑक्सिजनचे हे दोन कक्षक परस्परांशी काटकोनात. म्हणजे बंधांतही ९० अंशांचा कोन हवा. प्रत्यक्षात तो १०४.५ अंश भरतो. पॉलिंग यांनी १९३१ साली संकरणाची कल्पना मांडली. एक गोल आणि तीन डंबेलसारखे कक्षक मिसळून चार सारखे कक्षक होतात, त्यांतला कोन १०९.५ अंश. पाण्यात त्यांपैकी दोघांत ऑक्सिजनच्या स्वतःच्या जोड्या राहतात. त्या अधिक जागा अडवतात आणि बंधांना थोडे जवळ दाबतात. पटते. तरी एक शंका राहते. गंधकाच्या तशाच रेणूत, हायड्रोजन सल्फाइडमध्ये, कोन सुमारे ९२ अंश आहे आणि तिथे संकरण जवळजवळ लागतच नाही. हवे तिथे घ्यायचे, नको तिथे सोडायचे, हे मला जरा सोयीचे वाटते. शिवाय द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, याचा उलगडा या सिद्धांताच्या साध्या मांडणीतून होत नाही. त्यासाठी रेण्वीय कक्षकांचा दुसरा सिद्धांत घ्यावा लागतो. असो.

घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आहे. १८ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ४४ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्याच पाण्यातले सगळे सहसंयुज बंध तोडायचे तर सुमारे ९२६ किलोज्यूल, म्हणजे एकवीस पट. ऊन सोडवते ती फक्त एका रेणूची शेजारच्या रेणूवरची पकड. रेणूच्या आतल्या बंधाला ते धक्का लावत नाही. वाफ्यावरून उडते ते अख्खे पाणीच, आणि पावसात उतरते तेही तेच. बंध तोडायचाच तर पाण्यात वीज सोडावी लागते. मग एका टोकाशी हायड्रोजन निघतो, दुसऱ्याशी ऑक्सिजन. मात्र त्यासाठी मिठागरातलेच दाट पाणी घेतले, तर दुसऱ्या टोकाशी ऑक्सिजनऐवजी मुख्यतः क्लोरीन निघेल, आणि तो नाकाला झोंबेल.